खर्चासह फेटाळण्यात येते

आण्णा,

निकाल लागला. विहिरीचा निकाल तर तुमच्या माघारी, दोन वर्षांपूर्वीच लागला होता आणि आपण हरलो होतो. आता लागला तो खर्चाच्या हुकमाचा. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मलाही कायदा शिकेपर्यंत माहीत नव्हतं. अपील हरलं की कोर्ट शेवटी लिहितं, ‘अपील खर्चासह फेटाळण्यात येते’. म्हणजे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा कोर्टखर्च द्यायचा. तो साधा रिवाज आहे, त्यात कुणाची बेअब्रू नसते. आपल्या अपिलात मात्र त्या ओळीला जोडून आणखी एक ओळ होती: वादीनं खोटी वही तयार करून खोडसाळपणे दावा लढवला, सबब त्याच्या वारसानं दंडादाखल जादा खर्च द्यावा. वादी म्हणजे तुम्ही. वारस म्हणजे आई. तुम्हाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि ती ओळ कोर्टाच्या ज्या भाषेत लिहिली होती ती भाषा घरात मला एकटीलाच कळत होती.

तुम्हाला ठाऊक असलेलंच आधी लिहिते. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकते त्या मॅडमनी मला ही सवय लावली आहे. त्या म्हणतात, कागद वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहायचं, आणि जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहायचं. तर, आपल्या गावात अकरा घरांनी मिळून सामुदायिक विहिरीची सहकारी संस्था काढली. विहिरीची जागा ओढ्याकाठच्या एका शेतातली. त्या शेताचे मालक, ज्यांना मी काका म्हणायचे, तेही अकरांतलेच एक. सेक्रेटरी तुम्ही, कारण सातवीपर्यंत शिकलेले तुम्ही एकटेच होता, आणि पायाच्या दुखण्यामुळं ऊसतोडीला न जाणारेही तुम्हीच होता. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या यायच्या आणि गाव रिकामं व्हायचं. पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की माणसं परत यायची. मधले सहा महिने गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, कुत्री आणि तुम्ही. पण संस्थेचं कामकाज काही सहा महिने थांबत नाही. सहकार खात्याच्या ऑफिसातून पत्रं येतात, ठराव मागतात, ठरावाखाली सभासदांच्या सह्या लागतात. त्यावर आपल्या लोकांनी जो उपाय काढला होता तो मला लहानपणी इतका साधा वाटायचा की त्यात काही गैर असेल हे मनातही यायचं नाही.

ती सकाळ मला अजून दिसते. आई चुलीवर मोठं पातेलं ठेवून सगळ्यांचा चहा करते आहे. ओसरीवर अकरा जण दाटीवाटीनं बसले आहेत. काहींच्या गाड्या उद्या निघणार, काहींच्या त्याच दुपारी. मधोमध तुम्ही, मांडीवर ठराव लिहायची प्रोसिडिंगची वही, शेजारी शाईचा पॅड. तुम्ही एकेकाला विचारता, जागा कुठली, वाट कुठून, पाण्याची पाळी कशी, आणि ते सांगतात. काका म्हणतात, “जागा माझी हाय, देतो म्या म्हनतो, वाट बांधावरनं घ्या. आता ह्याच्यापक्षी आजून काय पाह्यजे? सही कुठं मारू ते सांगा.” तुम्ही वहीच्या चार-पाच कोऱ्या पानांच्या तळाशी बोट ठेवता. कुणी सही करतो, कुणी अंगठा उठवतो. “अय, तुझा अंगठा लई मोठा हाय बे, दोन मानसांची जागा खातो,” असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे हसतात. “सेक्रेटरी, वर काय लिव्हायचं ते लिव्हा निवांत. आमची ना न्हाई.” मग चहा पिऊन उठतात. जाताना कुणी घराची किल्ली आपल्या खुंटीला अडकवून जातो, कुणी म्हातारीचं औषध आईच्या हातात देतो. सही ठेवून जाणं हे त्यातलंच एक होतं.

पुढं पौषात ऑफिसानं जागेचा ठराव मागितला आणि चालू महिन्यातलीच तारीख पाहिजे म्हणून सांगितलं. तुम्ही त्या कोऱ्या पानांतल्या एकावर दसऱ्याआधी ओसरीवर ठरलं होतं तेच शब्दाला शब्द लिहिलं, आणि वर त्या दिवसाची तारीख घातली. त्या तारखेला अकरांपैकी आठ जण शे-दोनशे कोसांवर ऊस तोडत होते. ठराव खरा होता, सह्या खऱ्या होत्या, तारीख तेवढी खोटी होती. विहीर झाली, तीन उन्हाळे तिनं अकरा घरांना पाणी दिलं. मग पाऊस सलग हुकला. काका थकले, शेती मुलाच्या हातात गेली. मी त्याला दादा म्हणायचे. त्याची मोसंबीची बाग वाळायला लागली तेव्हा त्यानं बांधावरच्या वाटेत काट्या टाकल्या आणि म्हणाला, विहीर आमच्या शेतात आहे, आमची आहे. संस्थेच्या नावानं दावा करायचा तर पुन्हा ठराव, पुन्हा माणसं, आणि माणसं उसात. म्हणून तुम्ही स्वतःच्या नावानं दावा लावला.

तुमची उलटतपासणी होती त्या दिवशी मी बारा वर्षांची होते. पाय दुखतो म्हणून आईनं मला भाकरीची पिशवी देऊन तुमच्याबरोबर पाठवलं होतं. मी कोर्टाच्या दाराशी उभी होते. समोरच्या वकिलानं मुकादमाचं हजेरीबुक काढलं आणि विचारलं की या तारखेला हे आठ जण तुमच्या बैठकीला कसे काय आले. तुम्ही कठड्याला धरून उभे होता. तुम्ही म्हणालात, “हजर होते सगळे. सह्या त्याच दिवशी झाल्या.” मला आठवतं, तुम्ही हे म्हणताना वकिलाकडं बघत नव्हता, छताच्या पंख्याकडं बघत होता. त्यानंतर काका उभे राहिले. त्यांनी शपथेवर सांगितलं की त्या तारखेला अशी कुठलीही बैठक झाली नाही. ते खोटं बोलले नाहीत, आण्णा. पण पानावरची सही त्यांची स्वतःची आहे का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. आपल्या वकिलानंही नाही.

परत येताना वडवणीच्या स्टँडवर तुम्ही मला भजी घेऊन दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही. बाजाराचा दिवस होता, कोंबड्या, मिरच्या, माणसं, सगळं एसटीत घुसत होतं. मी तुम्हाला विचारलं, “आण्णा, ते समदे तर उसात गेलते ना?” तुम्ही मिरच्यांचं एक पोतं पायानं बाजूला सारलंत. मग म्हणालात, “गेलते. पर तसं म्हनलं असतं तर त्या आठांला खोटी सही केली म्हनून धरलं असतं. गरिबाची मानसं हायेत, कोर्टात हेलपाटे घालतील का कोयता चालवतील.” तसं धरलं असतं की नसतं, हे आज मी तुम्हाला सांगू शकले असते. तेव्हा तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. दावा गेला. तुम्ही अपील केलं, आणि अपील कोर्टाच्या कपाटात पडून असतानाच तुम्ही गेलात. तुमच्या जागी कागदावर आईचं नाव चढलं. त्या प्रकरणात तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. वकील सांगेल तिथं ती वेड्यावाकड्या अक्षरात सही करायची आणि बसनं परत यायची.

अपील फेटाळल्याची नक्कल दादानं फाट्यावरच्या हॉटेलात मोठ्यानं वाचून दाखवली. त्याच महिन्यात गावातल्या बायकांची दूध संस्था नवीन चेअरमन निवडणार होती. आईकडं दोन म्हशी आहेत, दूध कधी पाणी घालून दिलं नाही, म्हणून बायका तिलाच बसवायला निघाल्या होत्या. तिनं नाव मागं घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, “वह्यांचं काम हाय ते. लोक म्हनतेल, खोट्या वहीवाल्याची बायकू.” इतकंच बोलली आणि धारा काढायला गेली. मी शहरात परत आले, निकालपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि खरं सांगते, तीन दिवस घरी फोन केला नाही. इतक्या ठामपणे लिहिलं होतं ते, इतक्या कोरड्या भाषेत, की ओसरीवरची सकाळ मला मीच रचलेली वाटायला लागली.

चौथ्या दिवशी ते निकालपत्र मी मॅडमपुढं ठेवलं. मला विहीर परत पाहिजे होती. मॅडमनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, “विहीर सोड. दोन कोर्टांनी पुरावा बघून एकच सांगितलंय, तिथं डोकं आपटून उपयोग नाही. हा शेवटचा खर्चाचा हुकूम मात्र बघ. खोडसाळ दाव्यासाठी दंडाचा खर्च ज्या कलमाखाली लावतात त्या कलमातच लिहिलंय की ते अपिलाला लागू नाही. वाचलंस का कधी?” मी परीक्षेत त्या कलमावर उत्तर लिहिलं होतं, पण हे मला दिसलं नव्हतं. शिवाय ज्या बाईनं काहीच केलं नाही तिला दंड, आणि तोही तिचं म्हणणं न विचारता. आम्ही खंडपीठात फक्त त्या हुकमापुरती याचिका केली. मी रात्रंदिवस जुने निकाल वाचले. मला वाटत होतं की एक कलम वाचून दाखवलं की संपलं.

तसं झालं नाही. समोरच्या वकिलानं शांतपणे सांगितलं की कलम बाजूला ठेवा, पण खोटा कागद करणं म्हणजे कोर्टाची फसवणूक, आणि फसवणुकीची शिक्षा करायला कोर्टाला कुठल्या कलमाची गरज पडत नाही. न्यायमूर्तींनी मॅडमना विचारलं, “तुमच्या याचिकेत वहीबद्दल एक शब्द नाही. का?” मॅडम म्हणाल्या की याचिका खर्चापुरती आहे. ते म्हणाले, “खर्च का लावला हे वहीवरच आहे. कलम कदाचित तुमच्या बाजूनं असेल. पण फसवणूक झाली असेल तर कलमाच्या आडून मी जाऊ देणार नाही. त्या पानावर सह्या कशा आल्या, ते दोन आठवड्यांत शपथेवर सांगा.”

बाहेर आल्यावर मॅडम जिन्यातच थांबल्या. म्हणाल्या, “दोन वाटा आहेत. आईनं म्हणायचं, मला यातलं काही माहीत नाही. ते चालून जाईल, आणि कलमाच्या जोरावर बहुतेक आपण जिंकू. पण वही खोटी हे वाक्य तसंच राहील. दुसरी वाट म्हणजे जे झालं ते सांगायचं. मग तुझ्या वडिलांनी साक्षीत खरं सांगितलं नाही, हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. आणि तरी कोर्टाला पटलं नाही तर हातचं कलमही जाऊ शकतं. मी तुला सांगणार नाही काय कर ते. घरी जा.”

मी गेले. सकाळी आई भाकरी थापत होती, मी चुलीपुढं बसून तिला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. ती म्हणाली, “मला म्हाईत न्हाई म्हनू? मीच तर चहा केलता समद्यांस्नी.” मग तिनं तव्यावरची भाकरी उलटवली. “पर त्यांनी शपथ घिऊन एक सांगितलं, आन आता म्या शपथ घिऊन दुसरं सांगू? कावून ग? मेलेल्या मानसाला खोटं पाडायचं?” मी म्हटलं, नको तर नको. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले तेव्हा गोठ्यातूनच ओरडली, “लिव्ह. चुकला म्हनू दे कोर्टाला. मानूस चुकतंय. लबाड म्हनलेलं न्हाई चालायचं.”

एसटीत बसल्यावर मला तो मार आठवला. मार नव्हताच तो खरं तर, तुम्ही मला कधी हात लावला नाही. पण त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मारासारखंच लागलं होतं. मी दहा वर्षांची. शाळेची वही संपलेली. तुम्ही कुठंतरी गेला होता आणि प्रोसिडिंगची वही कोनाड्यात दिसली. मी उघडली तर छान जाड, रेघांची, कोरी पानं. खाली काही सह्या होत्या, पण वर सगळी जागा मोकळी. मी तिथं भागाकार केले. तुम्ही आलात, वही बघितली आणि म्हणालात, “ह्या पानावर अकरा मानसं बसल्यात. त्यांच्या अंगावर भागाकार केलेस तू.” मी रडले. तुम्ही पान फाडलं नाही, कारण पानांना नंबर होते. त्यावर एक तिरकी रेघ मारलीत आणि वही बांधून ठेवलीत. पुढच्या बाजाराच्या दिवशी वडवणीहून माझ्यासाठी दोनशे पानी वही आणलीत. म्हणालात, “आता ह्याच्यात कर काय करायचं ती.”

आण्णा, ती वही सबंधच्या सबंध कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये होती. खालच्या कोर्टात फक्त ठरावाच्या पानाला पुरावा म्हणून नंबर पडला होता, त्याचीच नक्कल सगळीकडं फिरली होती. बाकीची पानं कुणी उलटून बघितली नव्हती. मी मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तू आता या प्रकरणात वकील नाहीस. साक्षीदार आहेस. काळा कोट घालून माझ्या शेजारी उभी राहू नकोस, आईजवळ मागं बस.” आईचं एक शपथपत्र झालं, माझं एक. आईच्या शपथपत्रात मी लिहिलं की सह्या दसऱ्यापूर्वी कोऱ्या पानांवर झाल्या, ठराव नंतर लिहिला गेला, तारीख नंतरची आहे, आणि माझ्या पतीनं साक्षीत सांगितलेली तारीख खरी नव्हती. ही शेवटची ओळ मी सहा वेळा लिहिली. ‘बरोबर नव्हती’ लिहू की ‘खरी नव्हती’, हे ठरवता येईना. शेवटी ‘खरी नव्हती’ लिहिलं.

सुनावणीच्या दिवशी मी साध्या साडीत, आईच्या शेजारी, शेवटच्या बाकावर. रेकॉर्ड आलं होतं. न्यायमूर्तींनी वही हातात घेतली आणि पानं उलटायला सुरुवात केली. त्या दालनात नुसता पानांचा आवाज. मग ते एका पानावर थांबले. “हे कुणी लिहिलंय?” मॅडम म्हणाल्या, “मागं बसली आहे ती. दहा वर्षांची होती.” मी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मराठीत म्हणाले, “तिसरा भागाकार चुकलाय.” दालनात हसू पसरलं. आईनं माझा पदर ओढून विचारलं, “काय म्हनले ग?” समोरचे वकील उठले आणि म्हणाले की हे तर आमच्याच बाजूचं आहे, यावरून कोऱ्या पानांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या हेच सिद्ध होतं. न्यायमूर्ती म्हणाले, “होतं. ते आता दोघी शपथेवर सांगतायत. पण ज्याला लबाडी करायची आहे, तो असं पान वहीत ठेवून ती वही कोर्टात आणून देत नाही. तुमच्या पक्षकाराच्या वडिलांची सही या भागाकारांखाली आहे. ती खोटी आहे असं तुमचं म्हणणं आहे का?” वकिलांनी मागं वळून दादाकडं बघितलं. दादा उभा राहिला, खाली बघत म्हणाला, “सही त्यांचीच हाय.”

निकालात लिहिलं आहे की कोऱ्या पानांवर सह्या घेण्याची पद्धत चुकीची आणि धोक्याची आहे. लिहिलं आहे की तुम्ही साक्षीत खरं सांगितलं नाही. तेही आहे, मी तुमच्यापासून लपवत नाही. पण पुढं लिहिलं आहे की सह्या आणि संमती खऱ्या होत्या, कोर्टाला फसवण्याचा हेतू दिसत नाही, आणि दंडाचा खर्च लावायला ना कायद्याचा आधार होता ना वारसाचं वर्तन तसं होतं. तो हुकूम रद्द. ‘खोडसाळपणे’ आणि ‘खोटी वही तयार करून’ हे शब्द काढून टाकावेत. दोन्ही बाजूंनी आपापला खर्च सोसावा. विहीर त्यांचीच. आईला मी पायऱ्यांवर हे एकेक वाक्य सांगितलं. तिनं एकच विचारलं, “लबाड काढलं का?” मी म्हटलं, काढलं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, सगळी प्याली.

दादा मागून आला. केस पांढरे झालेत त्याचे आता. म्हणाला, “विहीर काय देनार न्हाई हां मी, सांगून ठिवतो.” आई म्हणाली, “मागितली कुनी?” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “काकू, आमचा म्हातारा शेवटी शेवटी लई म्हनायचा, ‘सेक्रेटरीनं तवाच खरं सांगायला पाह्यजे होतं, म्हंजी मला बी सांगावं लागलं असतं.’” परतीच्या बसमध्ये आईनं त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवली, कारण त्याला गाडी लागते. हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं, मला नंतर कळलं.

यंदा दसऱ्याआधी दूध संस्थेची सभा होती, मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. शाळेच्या व्हरांड्यात पस्तीस-चाळीस बायका. निम्म्या उसाला निघालेल्या, घाईत. त्यांतली एक उठली, “सही कुठं करू ते सांगा बाई, मुकादम बोंबलतोय तिकडं. वर काय लिव्हायचं ते लिव्हा मागनं.” आई पुढं बसली होती. ती म्हणाली, “न्हाई. काय ठरवायचं ती आत्ता ठरवा, आत्ता लिव्हा, वाचून दाखवा, मग सही.” बाई वैतागली. “आन पुसात काही निघालं तर?” आई म्हणाली, “तर पुसात फोन करू, पाडव्याला आलात की मग ठराव लिव्हू, पाडव्याचीच तारीख घालू. तवर दूध तर काय थांबत न्हाई, म्हशीला ठराव लागत न्हाई.” त्यावर जो हशा पिकला त्यातच सगळ्यांनी मान्य केलं. दोन तास लागले. मुकादम दोनदा दारात येऊन गेला, दुसऱ्यांदा एका म्हातारीनं त्याला सांगितलं, “थांब बे जरा, कायदा चाललाय.” शेवटचा ठराव नवीन चेअरमनच्या निवडीचा होता. तो मी लिहिला नाही, आईचंच नाव होतं म्हणून गावातल्या बारावीच्या एका मुलीला लिहायला सांगितला. तिनं वर तारीख घातली आणि मोठ्यानं वाचली. आईनं सही केली. अजूनही वेडीवाकडीच करते.

हे पत्र मी चार दिवस लिहिते आहे. सुरुवातीला वाटलं होतं की तुम्हाला निकालाची बातमी द्यायची आहे. लिहिता लिहिता लक्षात आलं की मी शपथपत्रातल्या त्या शेवटच्या ओळीपाशीच घुटमळते आहे. आईला मी सांगून ठेवलंय की आण्णांना हे पटलं असतं. ती मान हलवते. खरं तर मला ते माहीत नाही. मॅडमनी जिन्यात दोन वाटा सांगितल्या तेव्हा तुम्ही घरी ओसरीवर बसलेले असता, तर मी पहिली वाट धरली असती. कलमावर जिंकले असते आणि गप्प राहिले असते. तुमच्या तोंडावर ‘तारीख खरी नव्हती’ म्हणायची छाती माझ्यात नव्हती, अजूनही नाही. तुम्ही असता तर हे पत्रसुद्धा मी तुम्हाला दिलं नसतं.